आडवा दगड

२९ सप्टेंबर १९९३ला अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून, अंगावरचा गुलाल तसाच ठेवून माणसं उशिरा निजली. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंपात किल्लारी-सास्तूर भागातली गावं बसली. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली.

मी तेव्हा औसा तालुक्यात जिल्हा परिषदेचा मास्तर. काही आठवड्यांनी पत्र्याच्या शेडमध्ये शाळा भरवली. रस्त्यानं ट्रक गेला की पत्रा थरथरे आणि अख्खा वर्ग दप्तरं टाकून बाहेर पळे. ‘घाबरू नका रे,’ मी म्हणायचो; पण माझी स्वतःची खुर्ची दाराला लागून होती, हे पोरांना दिसत होतं.

एके दिवशी शाळा सुटल्यावर चौथीतला एक मुलगा मागं रेंगाळला. त्याची धाकटी बहीण गेली होती. बराच वेळ पाटीची कड खरवडून म्हणाला, “गुर्जी, आरतीच्या वक्ताला मी हसलो होतो. त्याच्यानं झालं का?”

“नाही रे बाळा.”

“मग कशानं?”

‘उद्या सांगतो’ म्हणून मी सुटका करून घेतली. रात्रभर झोप लागली नाही. दख्खनचं पठार स्थिर, हे मीच वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आलो होतो. आदल्या ऑक्टोबरात किल्लारीला धक्के बसले, तरी ते वाक्य मी पुसलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पुस्तक मिटून विचारलं, “कुणाच्या घरात आधी काय पडलं?” तोंड न उघडणारी पोरं एकदम बोलू लागली. हातभर जाड भिंती, काळा दगड, मातीचा गिलावा. वर माळवद, गळू नये म्हणून पावसाळ्याआधी त्यावर पुन्हा माती. एक मुलगी म्हणाली, “आमचा लाकडी खण उभाच राहिला की! भिंत तेवढी ढासळली. आजी खांबापाशी होती, म्हणून वाचली.”

मग आम्ही एका फळीवर ओल्या मातीत खडे रचून दोन भिंती उभ्या केल्या. एक गावासारखी: दोन्ही अंगांनी दगड, मधे खापऱ्या-चिपा. दुसरीत मधूनमधून लांब दगड आडवा, या अंगापासून त्या अंगापर्यंत. फळी हलवायला त्याच मुलाला दिली. पहिली भिंत पोटातून फुगली आणि उकलून दोन्हीकडं सांडली. दुसरीला तडे गेले, पण ती उभी राहिली. त्यानं ती तीनदा रचायला लावली, तीनदा हलवली.

“आडवा दगड असता तर...” एवढंच म्हणून तो थांबला. ते वाक्य मीही पुरं केलं नाही. “आपल्या वाडवडलांना हे ठाऊक नव्हतं,” मी सांगितलं. “आणि मलाही.”

भीती काही गेली नाही. ट्रक आला की पोरं पळतच होती, मीही. पण आरतीचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही.

पुढं ज्या गावांत घरं तगली होती, तिथं दुरुस्ती सुरू झाली. दगडी भिंतींना आरपार भोकं पाडून त्यांत सळई घालून काँक्रीट भरू लागले. एका सोमवारी तो धापा टाकत शेडमध्ये आला. प्रार्थना चालू होती. तरी ओरडलाच, “गुर्जी, मामाच्या गावाला आडवा दगड घालायलेत!”