आरोपी बदलला

हॅरी पॉटर मनाचा चांगला, धाडसी वगैरे सगळं खरं, पण डोक्याने बेताचाच, असं माझं वर्षानुवर्षं ठाम मत होतं. गप्पांत विषय निघाला की मी ते ठासून मांडायचे. हुकमी पुरावा पाचव्या पुस्तकातला. 'ऑर्डर ऑफ द फिनिक्स', २००३ सालचं, ब्रिटिश आवृत्तीत ७६६ पानांचं बाड. त्यात पंधरा वर्षांच्या हॅरीला इतिहासाच्या पेपरात डोळा लागतो आणि दिसतं, की त्याचा फरारी धर्मपिता सिरियस ब्लॅक याला जादू मंत्रालयात नेऊन व्होल्डेमॉर्ट छळतोय. हा पठ्ठ्या पाच सवंगड्यांना घेऊन लंडनला उडत जातो. तिथे सापळा. सिरियस बिचारा घरीच असतो; पोरांना सोडवायला येतो आणि जिवाला मुकतो.

चीड यायची ती पुढच्या गोष्टीची. सिरियस सुखरूप आहे की नाही, हे बघायची सोय हॅरीच्या ट्रंकेत पडून होती. जोडीचे दोन आरसे, एक याच्याकडे, एक त्याच्याकडे. हातात धरून नाव घ्यायचं की समोरचा दिसतो. ख्रिसमसच्या सुट्टीनंतर निघताना सिरियसने स्वतःच्या हाताने तो दिला होता. त्याचं पुडकंसुद्धा न सोडणाऱ्या मुलाला काय म्हणायचं? मी तर म्हणायचे, लेखिकेला सिरियसला मारायचंच होतं, म्हणून तिने नायकाला सोयीस्कर वेंधळा केला.

भाच्याशी एकदा यावरून जुंपली. त्याला पान दाखवून गप्प करावं म्हणून पुस्तक काढलं आणि चोविसावं प्रकरण उघडलं. तिथेच माझ्या आरोपपत्राला पहिली भोकं पडली.

सिरियस पुडक्यात आरसा आहे असं सांगतच नाही. स्नेप मास्तरने त्रास दिला तर मला कळवायचा हा एक मार्ग आहे, इथे उघडू नको, मॉलीला (हॅरीचा मित्र रॉन याच्या आईला) आवडायचं नाही, एवढंच पुटपुटतो. आणि हॅरी त्याच क्षणी मनाशी ठरवतो की हे आपण कधीही वापरायचं नाही, कारण आपल्यापायी सिरियस लपण्याची जागा सोडून बाहेर पडायला नको. म्हणजे विसरभोळेपणा नव्हे, चक्क निग्रह! शिवाय त्याला कारणं आहेत. वर्षाच्या सुरुवातीला सिरियस कुत्र्याच्या रूपात स्टेशनवर पोचवायला आला, तर तेवढ्यावरून हॅरीचा शाळेतला वैरी मॅलफॉय याच्या घरी त्याचा सुगावा लागला. नंतर एकदा वसतिगृहातल्या शेकोटीत डोकं घालून तो बोलायला आला, तर मागोमाग मंत्रालयाने शाळेवर बसवलेल्या अम्ब्रिजबाईंचा अंगठ्यांनी भरलेला हात ज्वाळांमध्ये चाचपडत होता. हे पाहिलेल्या मुलाने ते पुडकं ट्रंकेच्या तळाशी टाकलं, तर त्याला उतावळा कसं म्हणायचं? पुस्तकभर मोठी माणसं त्याला 'जरा दमाने घे' म्हणत असतात. दमाने घेतलं ते नेमकं इथे, आणि तेच अंगाशी आलं.

आणखी एक गोष्ट कबूल करायला जीभ अडखळते. पहिल्या वाचनात मीही ते पुडकं साफ विसरले होते. चोविसाव्या प्रकरणात ते हॅरीच्या खिशात गेलं, अडतिसाव्यात, म्हणजे शेवटच्या, ट्रंकेतून बाहेर आलं. मधल्या तेरा प्रकरणांत मी एकदाही 'अरे, त्या पुडक्यात काय आहे बघ' असं म्हटलं नव्हतं. आत आरसा आहे हे मला हॅरीबरोबरच कळलं, आणि त्या ज्ञानाच्या जोरावर मी त्याला नंतर बावळट ठरवत राहिले.

मग त्या दिवसाचा हिशेबही नव्याने मांडावा लागला. स्वप्न पडल्यावर हॅरी आधी कुठे धावतो? शिक्षिका मॅकगोनॅगलबाईंकडे, शाळेच्या इस्पितळात. तिथे कळतं की छातीवर चार मंत्रांचे तडाखे बसल्यामुळे त्यांना लंडनच्या मोठ्या इस्पितळात हलवलंय. मुख्याध्यापक डम्बलडोर आधीच परागंदा, हॅग्रिड पळालेला. संध्याकाळी पाच वाजता मंत्रालय कर्मचाऱ्यांनी गजबजलेलं असताना व्होल्डेमॉर्ट आत शिरेल कसा, ही मैत्रीण हर्मायनीची शंका बिनतोड होती, मान्य. पण डिसेंबरात त्याला असंच दिसलं होतं, मोठ्यांनी ऐकलं होतं, म्हणून सापाने चावलेले रॉनचे वडील वाचले होते. आणि हर्मायनीच्या आग्रहाखातर त्याने सिरियसच्या घरी चौकशीही केलीच की. अम्ब्रिजच्या शेकोटीतून डोकं घातलं, तर समोर क्रीचर. त्या घरगड्याने मुद्दाम बकबीक या घरातल्या प्राण्याला जखमी करून सिरियसला वरच्या मजल्यावर गुंतवून ठेवलं होतं. मालक बाहेर गेलेत, असं तो बेलाशक सांगतो. घरचाच माणूस फितूर झाल्यावर पोराने आणखी कुणाला विचारायचं?

हॅरी म्हणजे चक्रव्यूहातला अभिमन्यूच, असं म्हणत भाचा मध्येच अभिमन्यूवर गेला. मला ते पटलं नाही. आत शिरता येतं, बाहेर पडता येत नाही, हे अभिमन्यूने युधिष्ठिराला आधी सांगितलं होतं. ऐकून घ्यायला वडीलधारं माणूस समोर होतं.

सगळंच माफ केलंय असं मात्र नाही. ऑक्लुमेन्सी, म्हणजे परक्याला आपल्या मनात शिरू न देण्याची विद्या, तिच्या बाबतीत मी जागची हललेले नाही. रोज झोपण्यापूर्वी मन रिकामं कर, एवढंच स्नेपने सांगितलं होतं. हॅरी ते करत नाही, करतोय म्हणून हर्मायनीला थापा मारतो, आणि खरं कारण असं की स्वप्नातल्या त्या काळ्या दाराच्या आत काय आहे ते त्याला बघायचंच असतं. इथे अज्ञान नाही, निग्रह नाही, निव्वळ हाव आहे. शिकवणी बंद पडली तीही याने स्नेपच्या खासगी आठवणीत डोकावल्यामुळे.

पण त्या डोकावण्यानंतरचं एकोणतिसावं प्रकरण वाचलं आणि माझा मोर्चा भलतीकडेच वळला. वडिलांविषयी विचारायला हॅरी अम्ब्रिजच्या खोलीत चोरून शिरतो आणि तिच्या शेकोटीतून सिरियसच्या स्वयंपाकघरात डोकं काढतो. पकडला गेला तर शाळेतून हकालपट्टी ठरलेली. समोर सिरियस आणि त्याचा जुना मित्र ल्युपिन. बोलणं बराच वेळ चालतं, आणि तेही स्नेपवर! स्नेपने शिकवणी थांबवली हे ऐकल्यावर सिरियस ताडकन उठतो, जाऊन त्याला जाब विचारतो म्हणतो. ल्युपिन त्याला खाली बसवतो. अरे बाबा, ते पुडकं तू नेमकं याचसाठी दिलं होतंस ना? स्नेपची तक्रार करायला? पोरगं जीव मुठीत धरून शत्रूच्या शेकोटीत गुडघे टेकून बसलंय, जोडीचा दुसरा आरसा तुझ्याच घरात आहे, आणि 'आरशातून का नाही बोललास?' हे तुझ्या तोंडून निघत नाही?

सिरियस इतकी वर्षं माझा लाडका होता. भाचा आता त्याची वकिली करतोय: तुरुंगात बारा वर्षं काढलेल्या माणसाकडून तू कसली अपेक्षा करतेस, म्हणे. मी म्हटलं, मग लेखिकेला उभं करू पिंजऱ्यात. त्यावर तो अजून विचार करतोय.