बिद्रीचे परस

कोल्हापूरहून दक्षिणेस गारगोटीकडे जाणाऱ्या मार्गावर, कागल तालुक्यात, बिद्री हे गाव लागते. परगावच्या लोकांस ते ठाऊक असते ते तेथील सहकारी साखर कारखान्यामुळे; दूधगंगा आणि वेदगंगा या दोन नद्यांचे नाव त्याने धारण केले आहे. आम्हांस मात्र बिद्री म्हटले की प्रथम आठवते ती एका स्नेह्यांच्या घरामागील परसबाग. 2019 सालच्या डिसेंबरात तेथे जाण्याचा योग आला, तो नेहमीच्या हौसेचा नव्हता. त्या वेळी आम्ही याचक होऊन गेलो होतो.

त्याचे कारण असे. त्या वर्षीच्या ऑगस्टात पंचगंगेस जो महापूर आला, त्याचे पाणी शुक्रवार पेठेतील आमच्या परसात शिरले व कित्येक दिवस हलले नाही. पाणी हे झाडाचे जीवन खरे. परंतु मुळांसही श्वासाकरिता हवा लागते, आणि तुंबलेल्या पाण्यात ती मिळत नाही. पूर ओसरला तेव्हा नारळ तेवढा ताठ उभा होता. जास्वंद गेली, अनंत गेला, आणि आमच्या आजीने माहेराहून आणलेला बटमोगरा मुळापासून कुजला. भांडी, धान्य, कपाटे यांचा शोक चार दिवसांत आटोपला. मोगऱ्याविषयी मात्र आमच्या वृद्ध मातोश्री अवाक्षर काढीनात, आणि तेच आम्हांस अधिक लागे.

दुसरा मोगरा बाजारात मिळाला नसता काय? मिळाला असता. पण बटमोगऱ्यास बहुधा बी धरत नाही, हे बागेची आवड असणाऱ्या वाचकभगिनी जाणतातच. तो वाढतो तो फांदीपासून. म्हणजे नवे झाड हे जुन्या झाडाचाच तुकडा. आजीच्या मोगऱ्याचा असा तुकडा आता एकाच ठिकाणी उरला असण्याचा संभव होता. बिद्रीच्या काकूंनी फार वर्षांपूर्वी त्याची एक फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून नेली होती.

आम्ही पोहोचलो तेव्हा गाळपाचा हंगाम चालू होता. रस्त्याने उसाने लादलेली वाहने, हवेत गोडसर, किंचित आंबूस वास. काकूंचे परस काही मोठे नाही. न्हाणीघराच्या सांडपाण्यावर अळू, कर्दळ व केळ. विहिरीच्या कडेस पारिजातक. झाडांच्या बुडाशी उसाचा वाळलेला पाला अंथरलेला. त्याने ओल टिकते व तण माजत नाही. शेजारणी येतात, कढीलिंबाचा डहाळा मोडून नेतात, जाताना घेवड्याच्या चार शेंगा ठेवून जातात. हिशेब कोणी ठेवीत नाही. चोरून आणलेले रोप अधिक फोफावते अशी एक समजूत आपल्याकडे आहे, काकू म्हणाल्या, "म्हणूनच मी पाठ करून बसते. नेणाऱ्याने खुशाल न्यावे."

आणि खरे पाहता, ज्यांस आपण आपली म्हणतो ती कितीतरी फुले अशीच हातोहात आली आहेत. गुलबक्षी व झेंडू मूळचे अमेरिका खंडातील, सदाफुली मादागास्करची, शेवंती चीनची. आमच्या देवघरातील परडीत सोवळेओवळे कितीही पाळले, तरी अर्धी परडी समुद्रपर्यटन केलेलीच असते! असो.

मोगऱ्याचा विषय आम्ही कसा काढावा या विवंचनेत होतो. चहा झाला, तरी शब्द फुटेना. काकूच उठून आम्हांस विहिरीपलीकडे घेऊन गेल्या. "पुराची बातमी ऐकली त्याच आठवड्यात फांद्या दाबून ठेवल्या रे. तुझ्या आजीचा मोगरा वाचायचा नाही, मला ठाऊक होते." श्रावणाच्या ओलीत साल थोडी खरवडून मातीखाली दाबलेल्या तीन फांद्यांस मार्गशीर्षापर्यंत चांगल्या मुळ्या फुटल्या होत्या. त्यांतील दोन त्यांनी मुळांच्या मातीसकट आमच्या पदरी घातल्या. तिसरी दिली नाही. "ही येथेच राहू दे. पुन्हा पूर आला तर?"

घरी परतल्यावर मातोश्रींनी ती रोपे स्वतः जमिनीत लाविली. या वेळी जोत्यालगतच्या उंच जागी. पुढील वैशाखात, 2020 च्या टाळेबंदीत, त्यांवर तीन कळ्या आल्या. बिद्रीस फूल पोहोचविण्याची सोय नव्हती, म्हणून भ्रमणध्वनीवरून छायाचित्र पाठविले. काकूंचे उत्तर तत्काळ आले, "पहिल्या वर्षी कळ्या धरू देऊ नका, खुडून टाका, झाड अंग धरील."

त्या आधीच खुडल्या गेल्या होत्या. दोन देवापुढे होत्या, आणि तिसरी मातोश्रींच्या अंबाड्यात.