सोनू, आधी वॉरंटी कार्ड वाच



तू पाठवलेले दोन्ही फोटो पाहिले. एक सायकल नवीकोरी, अल्युमिनियमच्या फ्रेमची. दुसरी कार्बनची, कुणीतरी वापरलेली. किंमत जवळपास सारखीच. "मामा, कार्बन लवकर तुटतं का?" असं तू विचारलंस. उत्तर असं उघड पत्रातून देतोय, कारण नाशकात ब्रेव्हेची, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीची, तयारी करणाऱ्या तुझ्यासारख्या पुष्कळ मुलामुलींना हाच प्रश्न पडतो.

कार्बनची ओढ मी समजू शकतो. २०१५ साली आपल्या नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी जोडीने 'रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका' पूर्ण केली. सुमारे ४,८०० किलोमीटर, तेही नऊ दिवसांच्या आत. २०१७ मध्ये श्रीनिवास गोकुळनाथ यांनी तीच शर्यत एकट्याने पार केली. असं करणारे ते पहिले भारतीय. ही नावं ऐकतच तू मोठी झालीस. पण त्या शर्यतीत सायकलस्वाराच्या मागे मदतनिसांची गाडी असते. तुझ्या २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला साडेतेरा तासांची मुदत असते आणि वाटेत काही बिघडलं तर तुझं तुलाच निस्तरायचं असतं. फ्रेम निवडताना हा फरक आधी धरायचा.

आता टिकाऊपणाचं बघू. कार्बन नाजूक आणि अल्युमिनियम दणकट, असं सरसकट म्हणता येत नाही. दोघांची दुखणी वेगळी आहेत. पेडलवर जोर दिला की फ्रेम किंचित वाकते आणि परत सरळ होते. ठराविक मर्यादेखालचा असा ताण पोलाद जवळजवळ कायम सोसतं. अल्युमिनियमला तशी सुरक्षित मर्यादा नाही. त्याचा थकवा साठत जातो. म्हणून त्याच्या नळ्या फुगीर करतात, ताण कमी ठेवतात, आणि मग नीट बनवलेली फ्रेम वर्षानुवर्षं चालते. थकलीच, तर तडा बहुधा वेल्डपाशी पडतो. रंगावर केसासारखी रेघ दिसते, कुरकुर सुरू होते. धुताना लक्ष ठेवलं तर बऱ्याचदा ती वेळेत सापडते.

कार्बनला असा थकवा फारसा बाधत नाही. त्याला बाधतो तो एकाच जागी बसलेला मार आणि नको तिथे पडलेला दाब. कार्बनचे धागे ज्या दिशेने घातलेले असतात त्या दिशेचा ताण ते उत्तम पेलतात. पण घाटात उडालेला दगड खालच्या नळीवर बसला, गाडीच्या कॅरिअरवर फ्रेम दोरीने करकचून बांधली, किंवा सीटपोस्टच्या बोल्टवर ५ न्यूटन-मीटर लिहिलेलं असताना तो अंदाजाने पिळला, की आतले थर सुटू शकतात. वरचा रंग मात्र शाबूत राहू शकतो.

त्यामुळे ती जुनी सायकल बघायला गेलीस तर आधी ती धुवायला लाव आणि उन्हात उभी कर. सीटपोस्ट बाहेर काढून कडा बघ. तो निघतच नसेल तर तिथूनच परत फीर. मग रुपयाचं नाणं घेऊन नळीवर हळूहळू टकटक करत जा. टणक आवाज मध्येच बद्द झाला, तर तिथे काहीतरी बिनसलंय असा संशय धरायचा. जाडी बदलली तरी आवाज बदलतो, म्हणून खात्री जाणकाराच्या तपासणीनंतरच.

आणि आता वॉरंटी. बऱ्याच मोठ्या कंपन्या कार्बन आणि अल्युमिनियम, दोन्ही फ्रेमना आजीवन वॉरंटी देतात, तेव्हा नव्या फ्रेमच्या बाबतीत धातू की धागा हा प्रश्न इथे गौण ठरतो. खरी मेख अटींमध्ये असते. वॉरंटी सहसा पहिल्या खरेदीदारालाच मिळते, तीही बिल आणि नोंदणी असेल तरच. ती भरून देते कारखान्यातली चूक. पडणं, आदळणं, चुकीची जोडणी त्यात येत नाही. पडल्यावर सवलतीत नवी फ्रेम देण्याची सोय काही कंपन्या ठेवतात, पण तीही बहुधा पहिल्या मालकासाठीच. थोडक्यात, वापरलेली कार्बनची सायकल तुझ्या हाती येईल ती बहुधा वॉरंटीविना, आणि तिला पूर्वी बसलेला मार तुला दिसणारही नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत: अल्युमिनियमची नवी घे, कार्बन फोर्क असलेली मिळाली तर उत्तमच. फ्रेममधला अर्धा-एक किलोचा फरक तुझ्या पहिल्या ब्रेव्हेचा निकाल ठरवणार नाही. १९९८ ची टूर द फ्रान्स मार्को पान्तानीने अल्युमिनियमच्याच सायकलवर जिंकली होती. उद्या कार्बन घ्यायची ऐपत आली, तर नवी घे आणि सोबत बोल्ट मोजून आवळणारा टॉर्क रेंचही घे.

दुकानात पैसे देण्याआधी तीन गोष्टी विचार: बिलावर फ्रेम नंबर घालणार का, फ्रेम बदलून मिळाली तर मजुरी आणि वाहतूक कुणाची, आणि ते मॉडेल बंद झालं तर काय देणार? उत्तरं लेखी घे. सदोष माल देऊन कुणी हात झटकले, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्कही नाही. हा हक्क कागदावर उभा राहतो, म्हणून बिल जपून ठेव.

सायकल घेतलीस की कळव. पहिल्या रविवारी त्र्यंबकेश्वरपर्यंत मी तुझ्याबरोबर येईन.

तुझा,
मामा