नांवाचें कंकण

अमेरिकेच्या राजधानींत, वॉशिंग्टन शहरीं, प्रवाशानें पाहावीं अशीं स्थळें पुष्कळ आहेत आणि त्यांचीं वर्णनें वाचकांनीं अनेकदां वाचलींही असतील. त्यांपैकीं एकाच स्थळाविषयीं, आणि खरें म्हणजे त्या स्थळीं पडलेल्या एका लहानशा वस्तूविषयीं, येथें लिहावयाचें आहे.

लिंकनच्या भव्य स्मारकाच्या पायऱ्या उतरून डाव्या हातास वळलें आणि झाडांच्या सावलींतून थोडें चाललें, म्हणजे पायवाट हळूहळू खालीं जाऊं लागते व बाजूनें एक काळी भिंत वर येऊं लागते. आरंभीं ती घोट्याइतकीच असते. मध्यावर पोंचतों तों ती दहा फूट उंच होऊन डोक्यावर गेलेली असते. भिंतीचीं दोन पाखें आहेत, प्रत्येक सुमारें २४६ फूट लांब. एकाचें टोंक लिंकनच्या स्मारकाकडे, दुसऱ्याचें वॉशिंग्टनच्या उंच स्तंभाकडे वळलेलें आहे. व्हिएतनामच्या युद्धांत पडलेल्या व बेपत्ता झालेल्या ५८,००० हून अधिक अमेरिकनांचीं नांवें तीवर कोरलेलीं आहेत. हुद्दा नाहीं, पदक नाहीं, गांव नाहीं. ज्या क्रमानें माणसें गेलीं त्या क्रमानें नुसतीं नांवें. सेनापतीच्या शेजारीं साधा शिपाई असला तरी वाचणारास तें कळावयाचें नाहीं.

ही रचना माया लिन नांवाच्या अवघ्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थिनीनें केली. १९८१ सालच्या स्पर्धेंत १,४२१ आराखडे आले होते. त्यांत तिचा निवडला गेला. काळा रंग, जमिनींत खोंचलेली भिंत, वर पुतळा नाहीं कीं ध्वज नाहीं, हें पाहून कित्येक माजी सैनिक संतापले. १३ नोव्हेंबर १९८२ रोजीं स्मारक लोकांस अर्पण झालें आणि पुढें दोन वर्षांनीं, टीकाकारांच्या समाधानासाठीं, जवळच तीन सैनिकांचा पुतळा उभारण्यांत आला. पुतळा चांगला आहे. परंतु लोक थांबतात ते भिंतीपाशींच.

आपणांकडील वाचकास कौतुक वाटेल अशी एक गोष्ट म्हणजे हा पाषाण आपल्या देशांतला, बंगळूरकडचा आहे. कॅनडा व स्वीडन येथेंही असा दगड मिळतो. पण लष्करभरती टाळणारे तरुण त्या देशांत पळून गेले होते म्हणून तेथला दगड नको ठरला. दक्षिणेंतल्या देवळांत काळ्या पाषाणाच्या मूर्ति पाहिलेल्या माणसास त्याची झिलई ओळखीची वाटते. येथें मात्र त्या झिलईचा उपयोग निराळा आहे. नांव वाचावयास वांकलें कीं त्या नांवावर आपलेंच मुख उमटतें.

प्रत्येक नांवाशेजारीं एक बारीक खूण आहे. शंकरपाळ्याच्या आकाराची खूण असली तर त्या मनुष्याचा मृत्यु निश्चित झालेला समजावा. अधिकचिन्हासारखी असली तर त्याचा ठावठिकाणा लागलेला नाहीं. पुढें केव्हां अस्थि सांपडल्या व ओळख पटली, म्हणजे त्या चिन्हावर शंकरपाळें कोरतात. तो जिवंत परत आला तर चिन्हाभोंवतीं वर्तुळ काढावयाचें असें ठरलेलें आहे. असें वर्तुळ आजवर एकही कोरलें गेलेलें नाहीं.

याच भिंतीच्या पायथ्याशीं पत्रें, बूट, पदकें, मुलांनीं काढलेलीं चित्रें लोक ठेवून जातात. उद्यानखात्याच्या सेवकांनीं वर्षानुवर्षें तीं उचलून मेरीलंड राज्यांतील एका कोठारांत जतन केलीं. त्यांची संख्या चार लाखांवर गेली आहे. या वस्तूंमध्यें धातूचीं अर्ध्या इंचाच्या रुंदीचीं उघडीं कडीं वारंवार आढळतात. त्यांजवर हुद्दा, एक नांव आणि एक तारीख, इतकेंच असतें. मीं ज्या वस्तूविषयीं म्हणालों ती हीच.

तिचा इतिहास असा. १९७० च्या सुमारास दक्षिण कॅलिफोर्नियांतील कॅरोल बेट्स व के हंटर या दोन महाविद्यालयीन मुलींनीं, व्हिएतनामच्या डोंगरी लोकांकडून मिळालेलें एक कडें बॉब डॉर्नन या दूरचित्रवाणीवरील गृहस्थाच्या हातांत पाहिलें. तेथल्या लोकांच्या हालांची आठवण राहावी म्हणून तो तें घालीत असे. आपणही तसें कडें करावें, पण त्यावर शत्रूच्या कैदेंत असलेल्या किंवा हरवलेल्या एकेका सैनिकाचें नांव घालावें, असें त्यांच्या मनांत आलें. एका स्नेही गृहस्थांनीं बाराशें कड्यांपुरतें तांबें व पितळ फुकट दिलें. ११ नोव्हेंबर १९७० रोजीं, म्हणजे त्या देशांतील माजी सैनिकांच्या दिवशीं, उपक्रम सुरू झाला. विद्यार्थ्यांस किंमत अडीच डॉलर; त्या वेळीं सिनेमाच्या तिकिटास तितकेच पडत. पाहतां पाहतां दिवसाला बारा हजार मागण्या येऊं लागल्या आणि १९७६ त संस्था बंद होईपर्यंत जवळजवळ पन्नास लाख कडीं देशभर गेलीं. अट एकच: ज्याचें नांव आहे तो, किंवा त्याच्या अस्थि, स्वदेशीं परत येईपर्यंत कडें उतरावयाचें नाहीं.

संस्कृत वाचलेल्या मनुष्यास येथें कंकणबंधन आठवल्याशिवाय राहत नाहीं. एखाद्या कार्याचें ‘कंकण बांधणें’ हा शब्दप्रयोग आपल्या घरोघरीं आहे. पण आपल्या शास्त्रकारांनीं बांधण्याबरोबर सोडण्याचाही विधि सांगितला. कार्य पुरें झालें, कंकणमोचन झालें, मनुष्य मोकळा झाला. या अमेरिकन कंकणाचें मोचन मात्र दुसऱ्याच्या येण्यावर अवलंबून. १९७३ च्या फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत ५९१ बंदिवान सुटून आले, तेव्हां कोणीं आनंदानें कडीं उतरविलीं, कोणीं तीं टपालानें त्या त्या सैनिकाकडे पाठविलीं. कित्येकांच्या घरीं तर अनोळखी माणसांच्या मनगटांवरून उतरलेलीं आपल्याच नांवाचीं कडीं शेंकड्यांनीं जमलीं. उरलेल्यांचें काय? आजही दीड हजारांहून अधिक अमेरिकन त्या युद्धांतून बेपत्ता आहेत. आपल्याकडे बारा वर्षें वार्ता नसली तर पळसाच्या पानांची प्रतिकृति करून तिचें दहन करण्याची सोय धर्मशास्त्रांत आहे. पण सोय असली म्हणून मन मानतेंच असें नाहीं. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंनीं सौभाग्यचिन्हें उतरविलीं नाहींत, हें आपण लहानपणापासून ऐकत आलों. ती तरी पत्नी होती. येथें लाखों परक्या लोकांनीं, शाळकरी मुलांनीं, कधीं न पाहिलेल्या मनुष्यासाठीं तें केलें. धर्मशास्त्रांत याला नांव नाहीं.

या प्रकरणाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कैद्यांच्या दुःखाचा उपयोग युद्ध लांबविण्यास करून घेतला गेला, असा आक्षेप कांहीं अमेरिकन इतिहासकारांनीं घेतला आहे. आणि व्हिएतनामचे स्वतःचे बेपत्ता सैनिक तीन लाखांच्या आसपास सांगितले जातात. त्यांच्या नांवाचें कडें मला कोठें दिसलें नाहीं. युद्धाच्या बाजूचे व विरुद्धचे, दोघेही हीं कडीं घालीत. कडें कोणत्याच पक्षाचें नव्हतें.

२००१ नंतर अफगाणिस्तान व इराक येथील युद्धांत ही चाल पुन्हा आली. आतां कडें बहुधा काळें असतें, आणि मृताचें नांव त्याची माता किंवा पलटणींतला सोबती घालतो. दूर आघाडीवर असलेल्या जिवंत पतीचें नांव घालणाऱ्या स्त्रियाही आहेत. २६ सप्टेंबर २००८ रोजीं अध्यक्षपदाच्या दोन्ही उमेदवारांचा मिसिसिपी राज्यांत वादविवाद झाला. जॉन मॅकेन यांनीं एका सैनिकाच्या आईनें दिलेल्या कड्याचा उल्लेख केला. मुलाचें मरण व्यर्थ जाऊं देऊं नका, अशी तिची विनंति होती. हे मॅकेन स्वतः हानोईस साडेपांच वर्षें कैदेंत होते. लगेच बराक ओबामा यांनीं आपल्याही हातांत कडें असल्याचें सांगितलें. तेंही एका आईनेंच दिलेलें, आणि तिचें मागणें असें कीं, दुसऱ्या कोणा आईवर हा प्रसंग येऊं नये. दोन्ही माता खऱ्या, दोन्ही मागणीं खरीं. तीं व्यासपीठावर समोरासमोर उभीं करण्यांत मात्र मला औचित्य दिसलें नाहीं. मृतास उत्तर देतां येत नाहीं; त्याचें नांव वादाच्या कामीं लावूं नये.

त्या दिवशीं भिंतीपाशीं साठीच्या पुढच्या एक बाई कागद धरून पेन्सिलीनें एका नांवाचा ठसा घेत होत्या. त्यांच्या मनगटांत झिजून पांढुरकें झालेलें कडें होतें. शेजारची खूण अद्याप अधिकचिन्हाचीच होती. सूनबाईनें अदबीनें विचारलें, “आपले कोण हे?” “कोणीच नव्हेत,” बाई म्हणाल्या. “मी चौदा वर्षांची असतां खाऊच्या पैशांतून हें घेतलें.” त्यांच्या घरच्या मंडळींशीं त्यांची पुढें पत्रानें ओळख झाली होती, सैनिकाचे आईबाप आतां हयात नाहींत. मीं विचारलें, कित्येकजण येथें कडें ठेवून जातात, आपण ठेवणार काय? त्यांनीं मान हलविली. त्यांच्यामागें तें नातीनें घालावयाचें ठरलें आहे. नात सोबतच आली होती, दहा-अकरा वर्षांची. तिला तें घालून पाहण्यास आजीनें एकदां दिलेंही होतें, पण तिचें मनगट अजून बारीक आहे. हात खालीं सोडला कीं कडें गळून पडतें.