कांचेचा भरंवसा

भरंवशाच्या म्हशीला टोणगा, ही म्हण आपल्याकडे इतकी रूढ झाली आहे कीं, ती उच्चारतांना तिच्यांतील अन्याय कोणाच्या ध्यानांतहि येत नाहीं. म्हशीनें कोणास वचन दिलेलें नसतें. भरंवसा ठेवणाऱ्यानें तो आपल्या सोईनें ठेवलेला असतो, आणि टोणगा झाला म्हणजे दोष मात्र म्हशीच्या माथीं येतो. उपकरणांच्या बाबतींत आपला व्यवहार बराचसा असाच आहे. घड्याळ, तराजू, चष्मा हीं जोंपर्यंत नीट चालतात तोंपर्यंत त्यांची आठवणहि होत नाहीं. ऐन वेळीं तीं अडलीं म्हणजे आपण त्यांस विश्वासघातकी ठरवून मोकळे होतों. तीं कां अडलीं, कोठें अडलीं, आणि त्या अडण्यांत आपला स्वतःचा हात किती, याचा विचार क्वचितच होतो. असा विचार ज्यास नित्य करावा लागतो, अशा एका उपकरणाविषयीं आज लिहिण्याचें योजिलें आहे. अतिशीत प्रदेशांत शिकारीस जाणाऱ्या मनुष्याच्या बंदुकीवर जी लहानशी दुर्बीण बसविलेली असते, ती कडाक्याच्या थंडींत कितपत विश्वासास पात्र ठरते, हा तो विषय होय.

विषय आडवाटेचा आहे हें आम्ही जाणून आहों. आम्हीं स्वतः उभ्या जन्मांत बंदूक हातीं धरलेली नाहीं, आणि शिकारीचा पुरस्कार करण्याचा आमचा हेतुहि नाहीं. आपल्या देशांत १९७२ चा वन्यजीव संरक्षणाचा कायदा व १९९१ सालीं झालेली त्याची दुरुस्ती यांनीं शिकारीचा शौक जवळजवळ संपुष्टांत आणला, आणि तें योग्यच झालें. परंतु कॅनडाच्या आल्बर्टा प्रांतांत स्थिति निराळी आहे. तेथें हरणांच्या शिकारीचा हंगाम सरकार ठरवून देतें, त्यासाठीं परवाने देतें, आणि मारलेल्या जनावराचें खाण्याजोगें मांस वाया घालविणें हा गुन्हा समजला जातो. आमचा भाचा नोकरीनिमित्त त्या प्रांतांत, एडमंटन शहराच्या उत्तरेस, राहतो. एका नोव्हेंबरांत आम्ही त्याच्याकडे पाहुणे म्हणून गेलों असतां त्याच्या शेजारच्या एका वृद्ध शेतकरी गृहस्थांशीं आमचा परिचय झाला. वय सत्तरीच्या पलीकडे, बोलणें मोजकें, आणि हिवाळ्याच्या मांसाची बेगमी दरसाल एका हरणावर करण्याची पन्नास वर्षांची रीत.

या गृहस्थांची एक गोष्ट आम्हांस प्रथम चमत्कारिक वाटली. घरांत सर्वत्र उबारा असतां त्यांची बंदूक मात्र बाहेरच्या थंडगार कोठारांत, कुलुपबंद लोखंडी कपाटांत ठेवलेली असे. इतकी मोलाची वस्तु अशी गारठ्यांत कां ठेवतां, असें आम्हीं विचारलें. ते कांहींएक न बोलतां आम्हांस कोठारांतून थेट स्वयंपाकघरांत घेऊन आले. चुलीवर कसलासा रस्सा उकळत होता. आंत पाऊल टाकतांक्षणींच आमच्या चष्म्याच्या दोन्ही कांचा पांढऱ्या झाल्या व समोरचे गृहस्थ दिसेनासे झाले. त्या पांढरेपणाच्या पलीकडून त्यांचा आवाज आला कीं, तुमच्या प्रश्नाचें उत्तर तुमच्या नाकावर आहे.

२०२० सालच्या साथींत तोंडावर मुखपट्टी बांधून चष्मा लावणाऱ्या प्रत्येकानें हा अनुभव घेतला आहे. कांचेला थंडी आंधळी करीत नाहीं. ऊब आंधळी करते. गार कांचेला उबदार, दमट हवा लागली कीं त्या हवेंतील पाणी कांचेवर दंवासारखें जमतें. बंदूक घरांत आणली तर दुर्बिणीच्या भिंगांवरच नव्हे, तर नळीवर, चापाच्या आंतल्या सांध्यांवर, सर्वत्र घाम सुटतो. आणि तशीच ओली ती पुन्हां बाहेर नेली म्हणजे त्या घामाचा बर्फ होतो. म्हणून जाणता शिकारी हंगामभर आपली बंदूक थंडींतच ठेवतो व मोटारींतहि ती मागच्या उघड्या भागांत, पेटींत घालून नेतो. सतत गार असलेली कांच निर्मळ राहते. धोका आहे तो एका हवेंतून दुसऱ्या हवेंत जाण्यायेण्यांत.

हा झाला बाहेरचा घाम. तो पुसतां तरी येतो. पूर्वींच्या दुर्बिणींत याहून वाईट प्रकार होत असे. नळींत कोंडलेल्या हवेंत थोडी वाफ असेच; थंडी वाढली कीं ती भिंगाच्या आंतल्या अंगास जमे, आणि तेथें कोणाचाहि रुमाल पोंचत नसे. अमेरिकेंत ऑरेगॉन संस्थानांतील पोर्टलंड शहरीं ल्यूपोल्ड घराण्याचा जमीनमोजणीचीं उपकरणें करण्याचा कारखाना होता. त्या घराण्यांतील मार्कस ल्यूपोल्ड हे हरणाच्या शिकारीस गेले असतां दुर्बिणींत धुकें धरून त्यांचा नेम हुकला, आणि याहून चांगली दुर्बीण आपण करूं असे उद्गार त्यांनीं काढले, अशी हकीकत सांगतात. १९४७ सालीं त्यांच्या कारखान्यानें नळींतील दमट हवा काढून तिच्या जागीं कोरडा नायट्रोजन भरलेली दुर्बीण बाजारांत आणली. आतां ही पद्धति सर्वत्र रूढ आहे; कोणी नायट्रोजनाऐवजीं आर्गॉन भरतात, एवढेंच. यांत नायट्रोजनाची कांहीं जादू नाहीं, कारण आपल्या नित्याच्या हवेंतहि सुमारें ७८ टक्के तोच असतो. गुण आहे तो कोरडेपणाचा, आणि तो कोरडेपणा टिकविणाऱ्या सांध्यांचा.

परंतु सांध्यांची गोष्ट निघाली कीं थंडीचा दुसरा प्रताप पुढें येतो. हे सांधे रबरासारख्या पदार्थाच्या बारीक कड्यांनीं बंद केलेले असतात, आणि गारठ्यांत असा पदार्थ ताठरतो. २८ जानेवारी १९८६ रोजीं अमेरिकेचें चॅलेंजर अंतराळयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट होऊन ७ जण मृत्युमुखीं पडले, त्याचें कारण थंडीनें लवचीकपणा गमावलेलें असलेंच एक कडें होतें. चौकशीच्या वेळीं रिचर्ड फाइनमन या शास्त्रज्ञानें त्या रबराचा तुकडा बर्फाच्या पाण्यांत बुडवून सर्वांदेखत तें सिद्ध करून दाखविलें. तेलाचीहि तीच गत. आपल्याकडे डिसेंबरांतल्या सकाळीं खोबरेलाची बाटली उन्हांत ठेवल्याशिवाय तेल बाहेर येत नाहीं, हें घरोघरच्या बायकांस ठाऊक आहे. उणे ३० अंशांत यंत्राच्या अंगांतील वंगणाचें काय होत असेल, याची कल्पना त्यावरून करावी.

शिवाय धातु आकसतात, आणि सगळे सारखे आकसत नाहींत, हीच मोठी अडचण. दर अंशामागें पोलाद आपल्या लांबीच्या १० लक्षांश भागांपैकीं सुमारें १२ भाग आकसतें, तर ॲल्युमिनियम सुमारें २३. बंदूक पोलादाची, दुर्बिणीची नळी बहुधा ॲल्युमिनियमची, आणि दोहोंस जखडणाऱ्या कड्या १२ सेंटिमीटर अंतरावर. २० अंशांच्या खोलींत बसविलेली ही जोडी उणे ३० अंशांत नेली, तर दोन धातूंच्या आकसण्यांत ०.०६६ मिलिमीटर, म्हणजे एका केसाच्या जाडीएवढा, फरक पडतो. चांगल्या बनावटींत तो बहुतेक जिरून जातो. पण बैठक सदोष असून तो सर्व एकाच बाजूस गेला, तर १०० मीटरांवर गोळी साडेपांच सेंटिमीटर व २०० मीटरांवर ११ सेंटिमीटर सरकेल. हरणाचें हृदय व फुप्फुसें ज्या जागेंत असतात ती जागा जेमतेम वीतभर. त्यांत आणखी दोन गोष्टींची भर पडते. काडतुसांतील दारू गारठली कीं मंद जळते व गोळीचा वेग घटतो. आणि २० अंशांच्या हवेपेक्षां उणे ३० अंशांची हवा एकपंचमांशानें अधिक दाट असल्यामुळें त्या मंदावलेल्या गोळीस अडथळाहि अधिक होतो. म्हणून आमचे वृद्ध गृहस्थ उन्हाळ्यांत साधलेल्या नेमावर विसंबत नसत. पहिला कडक गारठा पडला कीं कागदाचें निशाण लावून ते पुन्हां नेम तपाशीत. उन्हाळ्यांतला नेम उन्हाळ्यापुरता, असें त्यांचें म्हणणें असे.

हंगामाच्या शेवटच्या आठवड्यांत त्यांनीं आम्हांस व भाच्यास एका पहांटे बरोबर नेलें. उष्णतामापक उणे २५ अंश दाखवीत होता. परवाना एकाच हरणाचा, आणि तें तोंवर मिळालेलें नव्हतें. शेताच्या कडेला गवताच्या भाऱ्यांआड आम्ही बसलों. वारा अगदीं पडलेला होता. तोंडांतून निघालेली वाफ जागच्या जागीं तरंगत राही. उजाडतां उजाडतां झाडींतून एक मोठा शिंगाळा नर बाहेर आला व सुमारें दीडशें पावलांवर थबकून उभा राहिला. वृद्धांनीं बंदूक उचलली, गाल दस्त्याला टेकविला. आम्ही जागच्या जागीं थिजून गेलों. कांहीं क्षण गेले. आणि मग त्यांनीं, जशी उचलली होती तशीच सावकाश, बंदूक खालीं घेतली. नरानें मान वळविली व तो झाडींत निघून गेला.

त्यांनीं दुर्बिणीचें डोळ्याकडील भिंग आम्हांस दाखविलें. त्यावर हिमाचा पातळ पांढरा पापुद्रा धरला होता. इतकी सगळी काळजी घेऊनहि, थंडीसाठीं तोंडाभोंवतीं गुंडाळलेल्या मफलरानें त्यांचाच श्वास वर वळवून कांचेवर सोडला होता. भाच्यास राहवेना. एवढें मोठें जनावर, एवढ्या जवळ. अंदाजानें गोळी घालावयास काय हरकत होती, असें त्यानें विचारलें. त्यावर ते इतकेंच म्हणाले कीं, हरीण दिसत होतें, पण त्याचा खांदा दिसत नव्हता. पोटांत गोळी लागलेलें हरीण कित्येक मैल धांवतें. रक्ताचा माग बर्फाखालीं झांकून जातो. आणि मग त्याचा शेवट लांडगे करोत कीं थंडी करो, मारणारा शोधीतच राहतो. पुढें भाच्याच्या पत्रावरून कळलें कीं, हंगाम तसाच संपला. त्या हिवाळ्यांत त्यांच्या घरीं जें मांस शिजलें तें शेजाऱ्यापाजाऱ्यांनीं वाटून दिलेलें होतें.

कोणी म्हणेल, मग ही कांच हवीच कशाला? या मताला मोठा आधारहि आहे. फिनलंडचा शेतकरी व शिकारी सिमो हायहा यानें १९३९-४० च्या हिवाळी युद्धांत, उणे ४० अंशांपर्यंत उतरणाऱ्या थंडींत, बंदुकीवर दुर्बीण न लावतां नुसत्या लोखंडी माशीवर नेम धरला. दुर्बिणींतून पाहण्यास डोकें अधिक वर काढावें लागतें, तिच्या कांचेवर ऊन चमकतें, आणि थंडींत तिच्यावर हिम धरतें, हीं त्याचीं कारणें होतीं. श्वासाची वाफ दिसूं नये म्हणून तो तोंडांत बर्फ धरीत असे, असेंहि सांगतात. युद्धाचा गौरव आम्हांस करावयाचा नाहीं. पण २००२ सालीं ९६ व्या वर्षीं वारलेल्या या माणसाला आपल्या साधनांची मर्यादा पुरी ठाऊक होती, यांत संशय नाहीं. तथापि तो तेव्हां ३४ वर्षांचा होता. जवळची खांच, तिच्यापुढची माशी आणि दूरचें जनावर हीं तिन्ही एकदम स्पष्ट पाहणें सत्तरीच्या डोळ्यास साधत नाहीं. दुर्बीण लक्ष्य व नेमाची फुली एकाच पातळींत आणून ठेवते. संधिप्रकाशांत जनावर कोणतें व त्याचा खांदा कोठें हेंहि तीच दाखविते. तेव्हां दुर्बीण टाकून देणें हा सर्वांस लागू पडणारा उपाय नव्हे. ती बंदुकीवरून चटकन काढतां यावी व खालीं माशी शिल्लक असावी, ही अनेक उत्तरेकडील शिकाऱ्यांची तडजोड आम्हांस शहाणपणाची वाटते.

नॉर्वे देशांत मोठ्या जनावरांची शिकार करणाऱ्यास दरसाल नेमबाजीची परीक्षा द्यावी लागते, आणि जखमी जनावराचा माग काढणारा शिकविलेला कुत्रा उपलब्ध असल्याची व्यवस्था करावी लागते. म्हणजे माणूस व साधन हीं दोन्ही चुकतील, हें त्या कायद्यानें आधींच धरून ठेवलें आहे. कारखानदार नळींत नायट्रोजन भरील, सांधे घट्ट करील, बर्फाच्या पेटींत ठेवून परीक्षा घेईल. पण त्या पहांटे त्या कांचेवर कोणाचा श्वास पडणार, हें त्याच्या हातीं नाहीं. तेथें भरंवसा उरतो तो समोर नीट दिसत नसतां चाप न ओढणाऱ्या बोटाचा.

हें सूत्र शिकारीपुरतेंच आहे असें आम्हांस वाटत नाहीं. न्यायाधीश, वैद्य, शिक्षक यांच्या हातांतहि अशीं साधनें असतात कीं, ज्यांतून सुटलेली गोळी परत येत नाहीं. आणि या मासिकाच्या पानांतून दरमहा दुसऱ्यांच्या पुस्तकांवर नेम धरणारे आम्ही समीक्षक तर त्यांत आलोंच. भिंगावर जो पांढरा पापुद्रा धरतो तो पुष्कळदां आमच्याच श्वासाचा असतो. अशा वेळीं पुस्तक दिसत असतें, पण त्याचा खांदा दिसत नसतो.