कौलाची पाकळी

2006 च्या पावसाळ्यात डॉक्टरांनी आईला बायपास सांगितली. आई म्हणाली, "आधी देवाचा कौल घेऊया." मला रागच आला. अँजिओग्राफीचा रिपोर्ट हातात असताना देवाला काय विचारायचं?

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्याकडे मोठा निर्णय असला की देवापुढे गाऱ्हाणं घालतात आणि मूर्तीवर ओल्या पाकळ्या लावतात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

त्या दिवसांत मी क्लिफर्ड वाचत होतो. या इंग्रज गणितज्ञाने 1877 साली पुराव्याशिवाय विश्वास ठेवण्यावर एक निबंध लिहिला. त्यात एक जहाजमालक आहे. जहाज जुनं झालंय, दुरुस्ती हवी, हे त्याला ठाऊक असतं. पण देवावर हवाला ठेवून तो मनातली शंका दाबतो आणि प्रवासी पाठवतो. जहाज बुडतं. क्लिफर्ड म्हणतो, ते सुखरूप पोचलं असतं तरी तो माणूस तितकाच दोषी. हे सगळं मी आईला ऐकवलं. वर मीमांसक वेद मानूनही जगाचा कर्ता ईश्वर मानत नव्हते, हेही सांगितलं. उदयनाचार्यांनी ईश्वर सिद्ध करायला ग्रंथ लिहिला त्याचं नाव 'न्यायकुसुमांजली', म्हणजे तिथेही फुलंच, हे मात्र सोयीस्करपणे गाळलं. आई तांदूळ निवडत होती. म्हणाली, "झालं का? उद्या सकाळी गाडी काढ."

देवळात गाऱ्हाणं झालं. अर्धा तास पाकळी हलेना. आई डोळे मिटून बसलेली. मी मात्र एकटक बघत होतो. डाव्या बाजूची जराशी सुटल्यासारखी वाटली तेव्हा माझ्या तळहातांना घाम फुटला. शेवटी उजवी पडली.

विल्यम जेम्सने 1896 मध्ये क्लिफर्डला उत्तर दिलं होतं: काही निवडी टाळता येत नाहीत, पुराव्याची वाट बघत बसणं हीसुद्धा एक निवडच, आणि बुद्धीने निकाल लागत नसेल तिथे मनाचा कल मानायला हरकत नाही. उत्तर मला आवडतं, पण इथे ते लागू नव्हतं. बायपास करावी की नाही, याचा निकाल रिपोर्टने लावलेला होता.

ऑपरेशन नीट झालं. पुढच्या वर्षी आईने म्हापशाच्या मिलाग्रिस सायबिणीच्या फेस्तालाही तेल पाठवलं. पास्कल म्हणतो देवावर पैज लावा, असलाच तर लाभ अपार. त्यावर दिदरोचा आक्षेप असा की हाच युक्तिवाद एखादा इमामही करील, मग पैज कोणाच्या देवावर लावायची? लयराई आणि मिलाग्रिस यांना बहिणी मानणाऱ्या आमच्या लोकांना हा प्रश्न कधी पडलेला दिसत नाही.

बऱ्याच वर्षांनी मी आईला विचारलं, "त्या दिवशी डावी पडली असती तर?"

"तर परत गाऱ्हाणं घातलं असतं. बॅग मी आदल्या रात्रीच भरून ठेवली होती. सोबत कोणीतरी असावं म्हणून गेले रे देवाकडे." मग जरा थांबून म्हणाली, "तू कशाला एवढा पाकळीकडे बघत होतास?"