अर्धवट खोपे

आषाढ लागला की भिलाईतल्या रुआबांध्याच्या क्वार्टरांपलीकडे, धानाच्या खाचरांकडेच्या शिंदीवर सुगरण पक्ष्यांचा गलका सुरू होतो. एरवी चिमणीच्या मादीइतका मळकट दिसणारा नर या दिवसांत हळद लागल्यासारखा पिवळा होतो. ‘घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून’ असं म्हणणाऱ्यांनी ही दोन संकटं निदान वेगवेगळी तरी ठेवली. हा पठ्ठ्या दोन्ही एकदम अंगावर घेतो.

त्याचं काम जवळून पाहावं. धानाच्या पात्याच्या कडेला चोचीनं खाच पाडायची, टोक धरून उडायचं, की लांब हिरवी चीर सोलून निघते. ती पायाखाली दाबून फांदीभोवती गाठ मारायची. आधी लोंबता दोर, मग उभं कडं, मग वरून घुमट. चीर हिरवी असते तोवरच वळते, वाळली की मोडते. म्हणून हा सगळा खटाटोप भर पावसात. आतल्या भिंतीला ओल्या चिखलाचे गोळेही थापतो. तिथे काजवे चिकटवून दिवाबत्ती करतो, ही लोककथा गोड आहे, पण खोटी.

घुमट झाला की काम थांबतं. या अवस्थेला अभ्यासक हेल्मेट म्हणतात. पोलाद कारखान्यात पाळीला निघालेल्या भिलाईकराला ते वेगळं समजवायला नको. आता माद्यांचा थवा येतो आणि झाडावर दंगा उसळतो. प्रत्येक नर आपापल्या खोप्याला लोंबकळून पंख फडफडवतो, घसा ताणून ओरडतो. मादी आत शिरते, दोन-चार विणी ओढून बघते आणि बहुतेक वेळा सरळ निघून जाते. पसंत पडलं, तरच अंड्यांची खोली आणि खालची लांब नळी पुरी होते. नापसंत खोपा तसाच लटकत राहतो.

सलीम अलींनी १९३० च्या पावसाळ्यात अलिबागजवळच्या किहीमला हे सारं बघितलं आणि १९३१ मध्ये लिहून काढलं. नर संसारात रमत नाही, हे त्यांनी दाखवलं. मादी अंड्यांवर बसली की हा दुसरा खोपा विणायला घेतो, दुसरीसाठी. उबवणं आणि बहुतेक भरवणं तिच्याच माथी. मग तिनं घर पारखून घेतलं तर काय चुकलं? त्यातही सुहेल क्वादर यांच्या २००६ च्या अभ्यासात असं दिसलं, की ती विणीच्या सुबकपणापेक्षा जागेला जास्त महत्त्व देते: फांदी उंच आहे का, झाड काटेरी आहे का. इथे हुद्द्याप्रमाणे क्वार्टर मिळालेल्या, नागपूर-भंडाऱ्याकडून आलेल्या आमच्या आयांना मात्र असं बघून नाकारण्याची सोय नव्हती!

दिवाळीच्या सुमारास हेच खोपे काढून दिवाणखान्यात टांगायची हौस अनेकांना आहे. रिकामेच तर आहेत, असं म्हणतात. ते रिकामे नसतात. सुगरणींनी सोडलेल्या खोप्यांत मुनिया वस्तीला येतात, तिथे अंडीही घालतात. तेव्हा शिंदीवरचा खोपा, अर्धवट असला तरी, शिंदीवरच राहू द्या.